सगळं त्यातच

परत येऊन अकरा दिवस झाले
तरी मनगटावरचा निळा पट्टा मी कापलेला नाही.
हिरव्या बांगड्यांच्या खाली बसलाय.
भांडी घासताना त्यात राख अडकते,
कणीक मळताना कणीक.
हे म्हणतात, "काहाड आता तो. झाला ना पाहुणचार."

कंपनीनं नेलं होतं. बियाण्याच्या.
झाडे कृषी केंद्र, मु. पो. पिंपळखुटी,
खपात तालुक्यात दुसरा नंबर,
म्हणून दोन माणसं, चार रात्री, विमानासकट.
मी जवसाची चटणी बांधून घेतली,
पदराच्या गाठीत दोनशे रुपये,
कुठं काय लागेल, सांगता येत नाही.

काही लागलं नाही.
पट्टा दाखवला की पपई,
पट्टा दाखवला की खुर्ची,
खुर्चीवर बसले तर एक पोरगा छत्री सरकवायला हजर,
ऊन जिकडं वळेल तिकडं.
नोटा गाठीतच घामेजल्या.
शेवटी कंपनीच्या अंकुशला बाजूला घेतलं,
"बिल कोन भरते गा हे सारं?"
"काकू, सगळं त्यातच."

पहिल्या दिवशी दारावरची पाटीही त्यानंच वाचून दाखवली होती,
जरा ओशाळून,
"इथं लेकरं नाही चालत, काकू.
फक्त मोठी माणसं."

अठ्ठावीस वर्षं ज्या दारात गेले
त्या दारात माझ्याआधी तो प्रश्न पोचलेला असायचा.
चपला काढायच्या आत,
"किती लेकरं व बाई तुले?"
मग समोरच्या बाईची मान थोडी कलायची,
मग पाणी यायचं.
डोहाळजेवणात तर मला भाताच्या पातेल्याशीच बसवतात,
तिथं माणूस लागतंच कोणीतरी.

इथं जो तो हात हलवत आलेला.
जेवताना शेजारी एक गोरी बाई होती,
खांदे उन्हानं भाजून टमाट्यासारखे.
तिनं खुणेनं माझं नाव विचारलं.
वच्छला, म्हटलं.
तिला काही जमेना. तीनदा म्हणून पाहिलं,
तिसऱ्यांदा दोघीही हसलो.
मग मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत बसले.
ती आंब्याचे काप खात राहिली.

समुद्र म्हणाल तर
जिनिंगच्या आवारात वारा सुटावा
आणि रुई पसरत पसरत पायाशी यावी,
पण गोळा करायला कोणीच नाही, तसा.
यांनी पँट दुमडली, मी पातळ खोचलं.
लाट आली तेव्हा यांनी माझा हात धरला.
गावात हा माणूस
चक्कीवर जातानाही माझ्या चार हात पुढं चालतो.
लाट गेली, तरी धरलेलाच होता.

खोटं कशाला बोलू,
तिसऱ्या रात्री मला झोप आली नाही.
फार शांत होतं.
कोणी पडत नव्हतं, कोणी कोणाला बदडत नव्हतं.
भिंतीपलीकडं कोळ्यांची घरं.
तिथं एक पोरगं कुत्र्याला हाका मारत होतं.
मी गॅलरीत उभी राहिले
कुत्रं येईपर्यंत.

काल हापशीवर बायांनी घेरलं.
"कसा असते व समुद्र?"
"खारा."
"अन् खायले?"
पपई सांगितली. टॉवेल दुमडून केलेला बगळा सांगितला,
एका खोलीला चार चार उशा.
हात धरल्याचं सांगितलं नाही.
पाटीचंही नाही.

आज ऊन छेचाळीस म्हणतात.
बॅग झटकली तर ओसरीवर चिमूटभर वाळू पडली,
झाडायची राहिलीच आहे.
शेजारचा वेदू आला,
पट्ट्यात बोट घालून ओढून पाहिलं,
"निंगत नाही का हा, मोठ्याई?"
"कापा लागते. कापला का मंग लागत नाही."
तो जरासा थांबला,
मग फळीवरचा डबा काढला,
न विचारता दोन चकल्या घेतल्या
आणि पळाला,
दार सताड उघडं टाकून.